संध्याकाळच्या बॅचचं रीडिंग

त्या आठवड्यात उन्हाने तोंडच दाखवलं नाही. आभाळ पार गच्चीला येऊन टेकलेलं, आणि हवा अशी दमट की दोरीवर टाकलेली चादर वाळायची सोडून आणखी जड व्हायची. लाँड्रीवाल्याला एक वेळ धो धो पाऊस परवडतो, तो येतो आणि जातो. हे कुंद हवामान मात्र नकोशा पाहुण्यासारखं मुक्काम ठोकतं. वहिनी पहाटेपासून दवाखान्याच्या चादरी गच्चीवरून उतरवून आतल्या खोलीत बांधलेल्या दोरीवर टाकत होत्या. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं सासूबाईंच्या.

“आज ती तपासणीवाली माणसं येणार ना तुझ्या कॉलेजात?” सासूबाईंनी चादर झटकत विचारलं.

“हो आई. संध्याकाळी आमच्या बॅचशी बोलणार.”

“मग जरा गोड बोल. माझ्याशी बोलतेस तसं नको.”

वहिनी हसल्या आणि त्यांनी पुढची चादर ओढली.

चाळिशी उलटल्यावर त्या रसायनशास्त्राच्या पदवीला बसल्या, त्याला कारण धाकटा दीर. त्याने याच संध्याकाळच्या बॅचमधून पदवी घेतली आणि रंगाच्या कारखान्यात चिकटला. बारावीपाशी थांबलेल्या वहिनींना त्यानेच ओढत कॉलेजात नेलं आणि ऑफिसपासून वर्गापर्यंत सगळ्यांना “ही माझी वहिनी” म्हणून सांगितलं. झालं. तेव्हापासून सगळी बॅच त्यांना वहिनी म्हणू लागली. सर हजेरी घेतानाही वहिनीच म्हणत. सासूबाईंनी सुरुवातीला, डाग काढायला डिग्री कशाला लागते, इथपासून सगळं ऐकवून घेतलं होतं. पण संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीतल्या लाँड्रीच्या दुकानात कोण बसणार हा प्रश्न आला तेव्हा त्याच स्टूल ओढून बसल्या, आणि गेली दोन वर्षं उठल्या नाहीत. नवरा गाडीवर कपडे पोचवायला जाई, त्यामुळे दिवसा दुकान सोडणं वहिनींना शक्यच नव्हतं. संध्याकाळची बॅच होती म्हणून शिक्षण होतं, नाहीतर नाही.

आणि आता तीच बॅच टांगणीला लागली होती. तपासणीला येणारी कमिटी सगळे अभ्यासक्रम बघणार आणि कच्चे आढळतील ते बंद करणार, असं कॉलेजात सगळे बोलत होते. संध्याकाळची बॅच कच्ची होती हे बॅचला पक्कं ठाऊक होतं. प्रयोगशाळेला पाच वाजता कुलूप लागायचं आणि यांचे तास सहाला सुरू व्हायचे. मग सर दुपारीच एक स्टँड, एक ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची तोटीवाली काचनळी, आणि थोडी रसायनं काढून ठेवत. ती वर्गातल्या टेबलावर मांडून स्वतः प्रयोग करून दाखवत. सगळे भोवती कोंडाळं करून बघत, आणि सरांचं जे रीडिंग येई ते सगळ्यांच्या वहीत जाई. सर बिचारे त्यासाठी तासनतास थांबत, शेवटची बस चुकवत. त्यांच्यावर बालंट येऊ नये म्हणून आजवर कुणी तक्रार केली नव्हती, आणि आता बॅचही वाचावी म्हणून सगळ्यांनी जिन्यात उभं राहून ठरवलं की कुलपाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. वर्गात एक बस कंडक्टर होता. त्याने तिकिटं फाडावीत तशी उत्तरं वाटली. तू म्हण सुविधा उत्तम आहेत, तू म्हण शिक्षक वेळेवर येतात, तू प्रॅक्टिकलचं सांग. वहिनी वर्गप्रतिनिधी, तेव्हा त्यांनी शेवटी आभार मानायचे, एवढंच.

कमिटीत तिघं होते. दोन पिकलेले प्राध्यापक आणि एक मुलगी, दुसऱ्या कुठल्या तरी विद्यापीठातली विद्यार्थिनी. केस अजून ओले, खांद्यावर भलीमोठी बॅग. ती टिपणं घ्यायला आली असेल असंच सगळ्यांना वाटलं. नियमाप्रमाणे सरांना बाहेर पाठवलं, दार लोटलं, आणि पहिला प्रश्न त्या मुलीनेच विचारला. टिपणं प्राध्यापकच घेऊ लागले. तेव्हा कळलं की ही पण कमिटीच आहे, तिच्याही शब्दाला त्यांच्याइतकंच वजन आहे.

सुविधा कशा आहेत वगैरे तिने विचारलंच नाही. तुम्ही शेवटचा प्रयोग कोणता केला, आणि रीडिंग किती आलं, एवढंच विचारलं. कंडक्टरने ऐटीत टायट्रेशन, रंग पालटेपर्यंत एकेक थेंब सोडायचा प्रयोग, म्हणून सांगितलं आणि आकडाही सांगितला. शेजारच्याने तोच आकडा सांगितला. त्याच्या मागच्या बाईंनीही तोच, दशांशासकट.

“आमच्याकडे एका टेबलावर दोघं करतो, तरी कधी जुळत नाही,” मुलगी म्हणाली. “एखादा थेंब इकडेतिकडे होतोच.”

ती टोमणा मारत नव्हती, आणि त्यामुळेच ते बोलणं जास्त लागलं. इतकी उत्तरं पाठ केली, पण खऱ्या हातांनी केलेल्या प्रयोगाचे आकडे वेगवेगळे येतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. येणार कसं? कुणी केलाच नव्हता.

मुलीने वहिनींकडे बघितलं. “ताई, तुमचं किती आलं?”

वहिनींच्या वहीतही तोच आकडा होता. तो सांगितला असता तरी चाललं असतं, मुलीने आणखी ताणलं नसतं असं वहिनींना आजही वाटतं. कंडक्टरने बाकाखालून त्यांचा पाय दाबला.

“माझं काही आलं नाही,” वहिनी म्हणाल्या. “कॉलेजात आल्यापासून ब्युरेटला माझा हात लागलेला नाही. इथे कुणाचाच लागलेला नाही. आम्ही येतो तेव्हा प्रयोगशाळा बंद असते. सर जीव तोडून शिकवतात, पण ते एकटे आणि ब्युरेट एक. तुम्ही आमची बॅच बंद करू नका. कुलूप तेवढं उघडा.”

आभार मानायचे राहूनच गेले.

बाहेर आल्यावर कंडक्टर म्हणाला, “वहिनी, चालत्या बसमधून उतरवलंत सगळ्यांना.” दोघंतिघं नुसते मान खाली घालून निघून गेले. सर जिन्याच्या कठड्याशी उभे होते. वहिनींनी त्यांना काय बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं आणि बोलणी खायला तयार राहिल्या. सर पायरीवरच बसले.

“तीन वर्षं मी वर लिहितोय की प्रयोगशाळा संध्याकाळी उघडा,” ते म्हणाले. “दर वेळी उत्तर येतं, विद्यार्थ्यांची तक्रार नाही. तक्रार का नाही ते आता कळलं. तुम्ही सगळे मला वाचवत बसला होता होय?” मग चष्मा पुसत म्हणाले, “फार उपकार झाले, वहिनी.”

अहवाल यायला बरेच दिवस लागले. तेवढ्या काळात वहिनींच्या हातून दोन शर्ट जळले. सासूबाई एरवी जळक्या डागावरून आठवडाभर बोलल्या असत्या. त्यांनी गुपचूप गिऱ्हाइकांची समजूत काढली आणि सुनेला एका शब्दाने विचारलं नाही.

अहवाल आला तो असा की बॅच चालू राहील, मात्र प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवलीच पाहिजे. शिवाय कॉलेजच्या गुणवत्ता समितीत यापुढे संध्याकाळचा एक विद्यार्थी बसेल. ही दुसरी गोष्ट त्या मुलीने आग्रहाने घालायला लावली असं सरांच्या कानावर आलं होतं. समितीवर कोणाला पाठवायचं यावर चर्चा झालीच नाही. कंडक्टरनेच वहिनींचं नाव पुढे केलं. यांच्याकडून खोटं तिकीट खपत नाही, म्हणाला.

ती मुलगी वहिनींना पुन्हा कधी भेटली नाही. तिचं नावही त्यांनी विचारलं नव्हतं. पण दीर, सर आणि ती मुलगी अशा तिघांचं आपण देणं लागतो, असं त्या म्हणतात, आणि मग आतल्या खोलीकडे बघून चौथं बोट वर करतात. आवाज मात्र काढत नाहीत, ऐकू गेलं तर सासूबाई डोक्यावर बसतील म्हणून.

प्रयोगशाळा उघडली त्या पहिल्या संध्याकाळी वहिनींनी ब्युरेटच्या तोटीवर बोटं ठेवली. एकेक थेंब सोडता सोडता नजर किंचित हलली, आणि फिका गुलाबी व्हायचा तो रंग एकदम गडद झाला. चुकलं. सरांनी सगळ्यांची रीडिंगं फळ्यावर मांडली. एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. कंडक्टरचा आकडा तर इतका भलतीकडे की सर खडू धरून बघतच राहिले, आणि वर्ग पोट धरून हसला.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “जमलं का?”

“नाही. चुकलं.”

“मग एवढी हसतेस कशाला?”

“माझंच चुकलं ना, आई. माझ्या हाताने.”

सासूबाईंना काही उमगलं नाही. त्यांनी स्टूल सोडलं आणि उशांच्या अभ्र्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. सकाळी दवाखान्यात पोचायला हवे होते. वहिनींनी पदर खोचला, इस्त्री तापली का ते ओलं बोट लावून बघितलं, आणि पहिला अभ्रा टेबलावर पसरला.