काका, जरा सरकून घ्या

कपाट आवरताना काकांची सीडी सापडली. तिच्यावर कळमनुरीच्या सीडीवाल्यानं मार्करनं लिहिलेलं, 'इंग्लिश मारधाड'. विलायतेतल्या भुरट्या गुंडांचा पिच्चर. प्रेत गाडीच्या डिकीत मावत नाही आणि चौघं तिथंच भांडत बसतात. काकांना इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही, पण त्या जागी ते डोळे पुसत हसायचे. म्हणायचे, "आपल्या पिच्चरमधले गुंड लई हुशार. हे बघ, आपल्यासारखे. ह्यायला एक काम बराबर जमून न्हाई राहिलं."

सीडी हातात फिरवताना नांदेडच्या दवाखान्यासमोरची ती दुपार आठवली. काका गेले होते आणि त्यांना गावी न्यायला रोजची काळी-पिवळी जीपच मिळाली होती. काका सहा फूट उंच, मागचं दार काही लागेना. मी आणि ड्रायव्हरनं त्यांना तिरकं करून पाहिलं, तरी पाय बाहेरच. ड्रायव्हरला दिवसभर माणसं कोंबायची सवय. घामाघूम होऊन तो बोलून गेला, "काका, जरा सरकून घ्या."

मला हसू फुटलं. दाबायला गेलो तर आणखीच उसळ्या मारून आलं. खिशातली दस्ती तोंडात कोंबून मी चाकाजवळ बसलो, खांदे थांबेनात. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड रे लेकरा, मोकळा हो."

कितीतरी वर्षं मला त्या हसण्याची लाज वाटायची. आता वाटतं, हे ऐकून पोट धरून हसला असता असा एकच माणूस होता, आणि त्याचेच पाय दाराबाहेर राहिले होते.