घरी नसणारा गुरव

गुणाजीराव,

चाळ पाडणार म्हणून स्मरणिका निघते आहे, आणि जुन्या माणसांवर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तुमच्यावर गोड लिहा, असं मंडळाच्या पोरांनी बजावलंय. गोड मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या मे महिन्यात गावच्या पडवीत बसून तुम्हीच सगळं सांगितलंत आणि वर म्हणालात, "लिवा बाय, आता कोणाक भियाचा?" तेव्हा लिहिते, चाळीलाही वाचायचंय म्हणून तुम्हाला 'तो' करून. दिसत नसेल तर नातीकडून वाचून घ्या, आणि तिला मध्येच थांबवू नका.

लालबागच्या आमच्या चाळीत गिरणीत साचे चालवणारे पुष्कळ होते. गाऱ्हाणं घालणारा मात्र एकच, गुणाजी धुरी. श्रावणात सत्यनारायण व्हायचा, भटजी उठायचे, आणि मग चौकात गुणाजी नारळ हातात घेऊन उभा राहायचा. गावच्या देवांना, वेशीवरच्या राखणदाराला नावानिशी हाक घालायचा. "चुकला माकला असात ता पदरात घे, वाकडा असात ता सरळ कर रे म्हाराजा." प्रत्येक वाक्याला अख्खी चाळ म्हणायची, "व्हय म्हाराजा." तो आवाज अंगावर घेताना गुणाजी वीतभर उंच व्हायचा. गावात त्याच्या बापाने गाऱ्हाणं घातलं होतं, आजाने घातलं होतं. एरवी तो चार शब्दांच्या वर बोलत नसे.

ब्याऐंशी साली संप लागला. पाऊस आला तसे निम्मे पुरुष गावी लावणीला गेले, गुणाजीही गेला. श्रावणात पूजा झाली, नारळ पाटावर आला आणि उचलायला कोणी नाही. मागे राहिलेले म्हातारे दम्याने बेजार. शेवटी खानावळवाली रखमाबाई पदर खोचून उठली. ती विधवा, गुणाजीच्याच गावची.

"बाईमाणसान गाऱ्हाणा घालूचा?" कुणीतरी हटकलं.

"मगे नारळ पाटारच कुजवूचो काय?"

तिला देवांची नावं पाठ नव्हती. तळमजल्यावरचे दोघे भाऊ, वसंत आणि महादेव, तेव्हा एकमेकांचं तोंड बघत नव्हते. वसंत संप मोडून कामावर गेला होता. त्यांच्या बायका नळावर एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहायच्या. रखमाबाई म्हणाली, "देवा म्हाराजा, वसंत कामार गेलो, महादेव नाय गेलो. कोण चुकलो ता तुका ठावक. पण त्यांच्यो बायको नळार बोलणत नाय, ही चूक आमका सगळ्यांका दिसता. तेवढी सरळ कर."

असं नाव घेऊन कुणी बोलत नसतं. मग सोनूबाई म्हातारी म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग सगळे म्हणाले. मग, इलाजच नव्हता, त्या दोघी जावाही म्हणाल्या. देवासमोर होय म्हटल्यावर सकाळी पाठ फिरवायची कशी? दुसऱ्या दिवशी एकीने दुसरीची कळशी भरून ठेवली.

गुणाजी दिवाळीच्या तोंडावर परतला. जिन्यात भेटला त्याने तेच सांगितलं, न्हाव्याने तेच सांगितलं, आणि वाढता वाढता बायकोनेही तेच.

"नावां घेतल्यान? देवासमोर?"

"घेतल्यान. आणि बरा झाला. तुमचा गाऱ्हाणा चांगला असता ओ, पण ता सगळ्यांचा असता. कोणाकच लागणा नाय."

गुणाजी भात टाकून उठला.

संप विझला, गिरणीने त्याला परत घेतलं नाही, शिवडीच्या एका गोदामात तो पहारेकरी झाला. साचे गेले ते त्याने गिळलं. रखमाबाईचं गाऱ्हाणं मात्र घशाखाली उतरेना. पुढच्या श्रावणात त्याने चार देव जास्त घातले, आवाज चढवला. चाळीने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, वर्गात हजेरी द्यावी तसं. मग सोनूबाई म्हणाली, "आता रखमा, तू दोन शब्द घाल." रखमाबाईने एका सासूचं नाव घेतलं, आणि चाळीचा आवाज पोटातून आला. गुणाजी खांबाआड उभा राहून तिची चूक शोधत होता. नारळाची शेंडी तिने उलटी धरली होती, हे एकट्या त्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगितलं. चौघेही हसले.

शिमग्याला तो गावी निघाला, तेव्हा रखमाबाईच नारळ घेऊन दारात आली.

"भावजी, पाय सुजतत माझे. खानावळ बसली. गावाहून माझी जाऊ सांगून धाडता, बाईन गाऱ्हाणा घातला म्हणून देव कोपलो. तुमी गुरवाक सांगून कौल लावा. माझा चुकला काय, एवढाच इचारा. चुकला असात तर मी सगळ्यांसमोर कबूल करीन."

"दुसऱ्या कोणाक सांग."

"दुसरे माका बरा वाटाचा म्हणून गोड सांगतीत. तुमी सांगूचे नाय."

देवळात गुरवाने ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर बाईचं बरोबर, डावी पडली तर चुकलं. गुणाजीला डावी हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती. पण नजर सारखी उजवीकडे जायची, आणि ती त्याला आधीच सैल दिसायला लागली.

"काय इचारूचा हा?" गुरव म्हणाला.

"म्हस गाभण रवात काय?" गुणाजीने घाईघाईने विचारलं.

उजवी पाकळी पटकन खाली आली.

चाळीत येऊन त्याने सांगितलं, "गुरव नव्हतो. पावण्यांकडे गेललो."

"बरा," रखमाबाई म्हणाली. "पुढच्या शिमग्याक. तोपर्यंत मी काय तोंड उघडूचंय नाय."

तिने शब्द पाळला. लोकांनी आग्रह केला की म्हणायची, "कौल येवंदे." गाऱ्हाणं पुन्हा एकट्या गुणाजीचं झालं. वसंत आणि महादेवच्या बायका गॅलरीतल्या दोरीवरून पुन्हा भांडल्या, ते कुणी देवासमोर काढलं नाही. गुणाजी देवांना हाका मारायचा, चाळ प्रसादाकडे बघत होय म्हणायची. आणि हाक मारता मारता त्याची नजर रखमाबाईवर जायची. सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' तीच म्हणायची. तेही त्याला सहन होत नसे.

दर शिमग्याला तिने नारळ दिला. दर वेळी गुरवाला ताप होता, सुतक होतं, लेकीचं लग्न होतं.

"देवाचो गुरव असो कसो ओ भावजी, कधी घराक नसता," ती चारचौघांत म्हणायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. तिला कळलं होतं की नाही, हे गुणाजीला शेवटपर्यंत कळलं नाही. सुजल्या पायांनीच ती एका भाद्रपदात गेली.

गुणाजी आता गावीच असतो. त्याच्या पडवीतून गुरवाचं घर समोर दिसतं. गुरवही म्हातारा झालाय. बहुतेक वेळ घरीच असतो.