मानाच्या साडीवर तीस टक्के सूट

गुलमंडीच्या बाजारात मला अजूनही बरेच दुकानदार ओळखतात, पण ओळख दाखवत नाहीत. चपलांचा एक दुकानदार तर मी लांबून दिसलो की फोन कानाला लावतो. फोन बंद असतो हे मला दिसतं, मला दिसतंय हे त्यालाही दिसतं. तरी आम्ही दोघं हा शिष्टाचार पाळतो.

याला कारण माझं कुपन.

वाळूजच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून मी एक ॲप काढलं होतं. बायको बँकेत होती, म्हणून घरात पोळी होती आणि माझ्या डोक्यात कल्पना होती. दुकानदार पेपरात जाहिरात देतो, रिक्षावर भोंगा लावून शहरभर फिरवतो, पण गिऱ्हाईक भोंगा ऐकून आलं की शेजारच्याकडं गर्दी होती म्हणून इकडं वळलं, हे त्याला कधी कळत नाही. माझ्या ॲपवर त्यानं सवलतीचं कुपन टाकायचं, लोकांनी ते फोनवर घ्यायचं, आणि काउंटरवर कोड स्कॅन झाला की सगळा माग निघणार. कोण आलं, काय नेलं, किती वाचलं. या मागाला मी ट्रॅकिंग म्हणायचो, आणि म्हणताना माझा आवाज आपोआप खाली यायचा, गाभाऱ्यात येतो तसा.

चपलावाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे माझ्या दुकानात कोण येतंय ते तुमाला कळणार?"

"तुम्हालाच कळणार, काका."

"मला कळतंच की. मी काय डोळे मिटून बसतो का इथं? तुमाला कशाला कळायला पायजे? इन्कम टॅक्सवाले का तुमी?"

बांगडीवाले चचा जरा गोड बोलायचे, म्हणून जास्त लागायचं. ते म्हणाले, "भाई, डिस्काउंट हम शकल देख के देते. तुम्हारे मोबाइल को शकल दिखती क्या?"

"नहीं चचा, लेकिन डेटा..."

"पहले उसको आँखाँ लगा के लाओ. चाय पी के जाओ. चाय का कूपन नको."

अख्खी गुलमंडी मी अशी पालथी घातली. एकानं स्पष्ट सांगितलं, पोऱ्हा पाठवला असता तर ऐकलं असतं, पण शिकलेला माणूस दारोदार फिरतोय म्हणजे काहीतरी लफडं आहे. दुसऱ्यानं माझं पत्रक घेऊन त्यावर भजी ठेवली आणि माझ्यासमोरच खाल्ली.

शेवटी पुण्याचा एक गृहस्थ भेटला. नव्या धंद्यात पैसे लावणं हाच त्याचा धंदा. माझं सगळं सादरीकरण त्यानं घड्याळाकडं बघत ऐकलं आणि म्हणाला, "कल्पना मला रोज कुणीतरी विकायला येतं. मला एक खरं दुकान दाखवा. खरी गिऱ्हाईकं, एका लग्नसराईतली. मग बोलू."

खरं दुकान माझ्या ओळखीत एकच उरलं होतं. सासऱ्यांचं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान, त्यांच्या वडलांपासूनचं. मी नोकरी सोडली तेव्हापासून ते मला जावईबापू म्हणायला लागले होते. त्याआधी नावानं हाक मारायचे. आमच्याकडं आदर वाढला की समजावं, काहीतरी बिघडलंय. रविवारी जेवायला गेलो की स्वतः वाढायचे.

"घ्या जावईबापू, वरण घ्या. गरम हाये. याला कुपन लागत नाय."

बायको ताटात बघून हसू दाबायची. ती नेमकी कुणाच्या बाजूची, हे मला आजवर ट्रॅक करता आलेलं नाही.

मी विषय काढला तेव्हा मामांनी हात धुतले, पुसले आणि अट घातली. "या लग्नसराईत प्रत्येक बिलाला तुमचं कुपन लावतो. चाललं, तर मी तुमाला परत कधी बोलणार नाय. नाय चाललं, तर तुमी मुकाट दुकानात येऊन बसायचं. माझ्या नजरेसमोर."

जावयानं सासऱ्याच्या दुकानात बसायचं, म्हणजे गावानं उरलेलं आयुष्य त्याच्याकडं बघून भुवया उडवायच्या. माझ्या भावकीत घरजावई हा शब्द शिवीच्या जरा वरच्या पायरीवर आहे. मी हो म्हणालो. आकड्यांवर माझा फार विश्वास होता.

आता लग्नाचा बस्ता. बस्त्याच्या दिवशी दोन्हीकडची मंडळी जीप भरून येतात, गादीवर बसतात, कुणाला काय मान ते ठरतं. आणि त्या दिवशी दुकानात दोन भाव असतात. पहिला भाव मामा सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात सांगतात. तो वरपक्षानं ऐकायचा असतो. नवरीचा बाप त्यावर एक शब्द बोलत नाही. विहिणीच्या साडीवर तिच्यासमोर घासाघीस करणारा बाप अजून जन्मला नाही. मग वरपक्ष चहा पीत बसतो, नवरीचा बाप आणि मामा आतल्या खोलीत जातात, आणि खरा भाव तिथं ठरतो. तो बाहेर कधीच येत नाही. हे मी लग्न झाल्यापासून बघत आलो होतो. त्यातला चहाही पीत आलो होतो. बघूनही न कळण्यासाठी जे शिक्षण लागतं ते माझ्याकडं होतं.

ॲपमध्ये बिल करताना मी दोन रकाने सक्तीचे ठेवले होते. पहिला भाव आणि शेवटचा भाव. दोन्ही भरल्याशिवाय बिल पुढं सरकायचं नाही, कारण सूट किती दिली हे ॲप त्यातून काढायचं. गुलमंडीत हे दोन आकडे एका जागी कुणी लिहिले नव्हते. मीच पहिला, याचा मला अभिमान होता.

वर आणखी एक हुशारी केली. पुण्याचा गृहस्थ माणसं मोजणार. बस्ता म्हणजे एक बिल, पण माणसं केवढी! म्हणून मी ठरवलं, ज्याच्यासाठी कापड घेतलं तो प्रत्येक जण वेगळा ग्राहक. प्रत्येकाचा फोन नंबर घ्यायचा.

सिल्लोडकडच्या एका पाटलांच्या मुलीचा बस्ता आला. मामांचं हे पिढीजात गिऱ्हाईक. पाटलांच्या वडलांचा बस्ताही याच दुकानात बांधलेला. नवरदेव खुलताबादकडचा. मी दारातच उभा राहून एकेकाला पाणी देत नंबर घेतले. दुकानाच्या जावयाला नंबर कोण नाकारणार? विहीणबाईंनी तर दोन दिले. म्हणाल्या, "एकाला रेंज नसती."

साड्या उलगडल्या, मामांनी भाव सांगितले, खणखणीत. विहीणबाईंनी जांभळी पैठणी निवडली आणि भाव ऐकून समाधानानं मान हलवली. मग पाटील आणि मामा आत गेले. मामा शब्दाला पक्के. आतल्या खोलीत त्यांनी एका बोटानं, प्रत्येक अक्षराला मनात शिवी देत, सगळ्यांचे दोन्ही भाव भरले आणि बटण दाबलं.

बाहेर गादीवर टुंग वाजलं. मग टुंग टुंग. मग सगळ्या गादीभर, देवळात आरतीला घंटा वाजाव्यात तसं. विहीणबाईंच्या पर्समध्ये दोनदा वाजलं. रेंज दोन्हीला होती.

फोन हातभर लांब धरून त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अभिनंदन. आपल्या साडीवर आपण तीस टक्के बचत केली आहे." पुढं पहिला भाव, शेवटचा भाव, आणि फुटणाऱ्या फटाक्याचं चित्र. ते चित्र मी स्वतः निवडलं होतं.

सगळे आपापला फोन उघडायला लागले. मग नवरदेवाचे मामा म्हणाले, "माझ्या पोशाखावर चाळीस." आणि एका कोपऱ्यातून नवरदेवाची आत्या, आनंद लपवत नव्हती, म्हणाली, "माझ्यावर दहाच हायेत बाई. म्हंजे माझी साडी खरी."

विहीणबाईंनी पैठणीची घडी घातली. फार सावकाश घातली. ती गादीवर ठेवून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "ओ दादा, आमच्याकडं कापूस वेचायला बाया येतात ना, त्यांना सुदीक आम्ही पुऱ्या भावाची साडी घेतो."

तेवढ्यात पाटील आणि मामा आतून आले. हसत आले, कारण सौदा चांगला झाला होता. दोघांचं हसू दारातच राहिलं.

मी पुढं झालो. गप्प बसलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण मी म्हणालो, "काकू, ही बचत आहे. तुमचा फायदाच झालाय."

"माझा?" त्या म्हणाल्या. "माझ्या मानातून कापून कुणाचा फायदा करता हो तुमी?"

पाटलांचा चेहरा उतरला होता. ते मामांकडं वळून एवढंच बोलले, "बोललेला भाव लावा. सगळ्याला."

"पाटील, ऐका..."

"लावा म्हणतो ना."

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः सांगितलेला भाव घेतला, आणि घेताना त्यांचं तोंड लुटलेल्या माणसासारखं झालं होतं. विहीणबाईंचं तरी समाधान झालं नाही. जीपमध्ये बसताना त्यांनी अट टाकली. "लग्नात माइकवर सांगायचं. साडी पुऱ्या भावाची हाये म्हणून. अन् ज्यानं मेसेज पाठवला त्यानंच सांगायचं. नायतर मी ही साडी नेसून मांडवात उभी राहणार नाय."

जीप गेली. मामांनी पंखा बंद केला आणि मी बसलो होतो ती सतरंजी काढून घेतली.

त्याच आठवड्यात पुण्याचा फोन आला. गृहस्थ खुशीत होता. "अहो, काय आकडे आहेत! एका दिवसात एवढी माणसं? आणि पाठवलेला प्रत्येक मेसेज उघडून वाचलेला! असं मी कुठंच पाहिलं नाही. दुकानदाराशी एकदा बोलायला द्या, मग आपण पुढं जाऊ."

मी आनंदानं धावत दुकानात गेलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं मी पैज जिंकलो. मामांना आलेख दाखवला. रेघ नुसती आभाळात गेली होती.

"मामा, चाललंय की! फक्त एक फोन करा."

त्यांनी आलेखाकडं पाहिलंच नाही. "आधी माइक. मग फोन."

सिल्लोडच्या मंगल कार्यालयात आहेर पुकारायची वेळ आली आणि माइक माझ्या हातात दिला. समोर अख्खा तालुका. विहीणबाई जांभळ्या पैठणीत, स्टेजच्या मधोमध, हाताची घडी घालून. मी घसा साफ केला.

"नवरीच्या वडलांकडून विहीणबाईंना मानाची साडी. बोललेल्या भावाची. कुठलीही सूट नाही."

"मागं ऐकू गेलं नाय," विहीणबाई म्हणाल्या.

मी परत सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "कुपन कुठं मिळंल ओ?" मांडव हसला. विहीणबाई हसल्या नाहीत, म्हणून मला तिसऱ्यांदा सांगावं लागलं. नवरीनं माझ्याकडं असं पाहिलं की तिच्या सासरी माझं नाव बरीच वर्षं निघणार, हे मला तिथंच कळलं. पाटलांनी मला जेवायला बसा असंही म्हटलं नाही. आमच्याकडं याहून मोठा अपमान नाही. मी तरी बसलो. जिलबी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी शब्द पाळला. माझ्या फोनवरून पुण्याशी बोलले, मी शेजारी उभा.

"हॅलो. व्हय, मीच दुकानदार. चालतं ना, लई जोरात चालतं. नाय, अडचण काय नाय. तुमाला मुलगी हाये का साहेब? लग्न झालं तिचं? मग विहिणीला साडी घेतली आसंल तुमी." मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तिला बिल पाठवलं होतं का?"

उत्तराची वाट न बघता मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि गज घेऊन ठाण मोजायला लागले.

"आपण जरा थांबू," गृहस्थ म्हणाला. आवाज एकदम सरळ झाला होता. "मी कळवतो."

त्यानं कळवलेलं नाही. त्यालाही कुठंतरी विहीणबाई असणार.

मी शेवटचा प्रयत्न केला. "मामा, पैज कुपन चालण्याची होती. आकड्यानं बघितलं तर मी जिंकलोय."

"मग जा की. पुण्याला जाऊन बक्षीस घ्या."

पाटलांच्या धाकट्या मुलीचा बस्ता पुढं पैठण गेटाकडच्या दुसऱ्या दुकानात झाला. ते मामांना बाहेरून कळलं. त्या रविवारी वरण माझं मलाच वाढून घ्यावं लागलं.

अटीप्रमाणे मी दुकानात हजर झालो. सवयीनं साड्यांच्या गादीकडं वळलो, तर मामांनी मधेच आडवा हात घातला आणि मला पार मागच्या काउंटरवर नेलं, जिथं बनियन, रुमाल आणि पायमोजे असतात.

"बसा इथं," ते म्हणाले. "भाव पाकिटावर छापलेला हाये. अन् विहिणीला बनियन कुणी घेत नाय."