मशीन कानात दिसलं म्हणून

"दत्ता, आवाज आला की बटण दाबायचं. आला का?"

त्याने बटण दाबलं नाही. मी आवाज वाढवला. तरी नाही. हेडफोन लावून तो भिंतीकडे बघत बसला होता. तपासणी अजून सुरूच झाली नाही, असं त्याला वाटत होतं.

नवी मुंबईतल्या शिरवणे गावात एका गणपती मंडळाचा कान तपासणीचा कॅम्प होता. मी ऑडिओलॉजिस्ट. माणसाला किती ऐकू येतं ते तपासायचं आणि गरज असेल तर कानाचं मशीन बसवायचं, हे माझं काम. क्लिनिक कोपरखैरण्यात. मंडळाचे अध्यक्ष, सगळे त्यांना दादा म्हणतात, मूळचे गावातलेच. नव्या शहरासाठी सरकारने शेती घेतल्यावर वडिलांनी चाळी बांधल्या आणि दादांनी एमआयडीसीत पॉवर प्रेसचं वर्कशॉप टाकलं. पत्रा दाबून, कापून पार्ट बनवायचे. त्या वर्षी डेकोरेशनचा खर्च कमी करून गरजूंना कानाची मशीन द्यायची, असं त्यांनी ठरवलं. मला मनापासून बरं वाटलं. सगळ्यांना एकाच सेटिंगची स्वस्त मशीन नकोत, प्रत्येकाच्या कानाप्रमाणे सेट करता येणारी घ्या, असं मी म्हटलं. तेही त्यांनी कुरकुर न करता ऐकलं.

दत्ताचा ग्राफ निघाला. वयामुळे कान जातो तेव्हा ग्राफची रेष उतरत जाते ती उतरतच राहते. इथे ती बारीक आवाजांपाशी एकदम खड्ड्यात पडून पुन्हा थोडी वर आली होती. असा खड्डा बहुतेक वेळा वर्षानुवर्षं गोंगाटात काम केल्याने पडतो. अशा माणसाला कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. बायकांचे, लहान मुलांचे आवाज आधी जातात.

दत्ता पस्तिशीचा होता. त्याच्यानंतर आलेल्याचा ग्राफ तसाच. त्याच्यानंतरच्याचाही. मी प्रत्येकाला विचारलं, कामाला कुठे? सगळ्यांनी एकच वर्कशॉप सांगितलं. दादांचं.

जेवणाच्या वेळी मी दादांना बाजूला घेतलं.

"दादा, ही तरुण माणसं आहेत. प्रेसच्या आवाजाने कान गेलेत त्यांचे."

"मंग? त्यांनाच देतंय ना मशीन."

"मशीनने गेलेला कान परत येत नाही. राहिलेला तरी वाचवू. सगळ्यांना इयरमफ द्या, कानांवर चढवले की आवाज अडतो. प्रेसखाली रबराचे पॅड टाका. एकाच माणसाला रोज प्रेसवर उभं करू नका."

बोलताना ते मान वळवून उजवा कान पुढे करत होते. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांनी स्वतः प्रेस चालवला होता. मी म्हटलं, "तुमचेही कान बघते ना."

"माजं काय? मला सगलं ऐकू येतं. मॅडम, तुमी कान बगा. शॉप मी बगतो."

वाटपाचा कार्यक्रम मोठा झाला. बॅनर, शाली, नगरसेवक. दत्ताच्या कानात मी मशीन बसवलं. त्याची मुलगी मागून हळूच "पप्पा" म्हणाली आणि तो झटकन वळला. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

दत्ताला मी बजावलं, "प्रेसवर असताना हे काढून ठेवायचं. हे प्रत्येक आवाज मोठा करतं, प्रेसचाही."

"व्हय मॅडम. गेटपत्तुर घालतो, आत गेलो की डबीत."

पुढच्या महिन्यात तो क्लिनिकमध्ये आला. डबी टेबलावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

"का? टोचतंय का?"

"काम गेलं."

वर्कशॉप ज्या कंपनीला माल पुरवतं, तिच्याकडून होणारं सेफ्टी ऑडिट, म्हणजे सुरक्षेची तपासणी, तोंडावर होतं. सुपरवायझरने गेटवर त्याच्या कानात मशीन बघितलं. ऐकू न येणारा माणूस प्रेसवर नको, हात गेला तर जबाबदार कोण? उद्यापासून येऊ नको. दत्ता कॉन्ट्रॅक्टवर होता, त्यामुळे एवढं पुरलं. इतकी वर्षं त्या शॉपमध्ये सगळेच ओरडून बोलायचे, म्हणून कुणाला ऐकू येत नाही ते कुणी बघितलं नव्हतं. मशीन कानात दिसलं आणि तो बहिरा ठरला. बाकीच्यांनी त्याच दिवशी आपापली मशीनं घरी लपवली.

मी दादांकडे गेले.

"मी नाय काढला त्याला," दादा म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टरचा मानूस हाय."

"शॉप तुमचं आहे. त्याला पॅकिंगला घ्या."

"एकाला घेतला तं सगलेच मागतील. ऑडिटवाले मलाच धरनार." मग म्हणाले, "त्याला याच्यापेक्षा भारी मशीन पायजे का? मी देतो. खरंच देतो."

मी उठले.

दत्ताला मी म्हटलं, कामामुळे कान गेला असं मी सर्टिफिकेट देते. लेबर ऑफिसला जाऊ, नुकसानभरपाई मागता येते. तो नकारार्थी मान हलवत राहिला.

"खोली दादांच्याच चाळीत हाय, मॅडम. पोरीची शाळा तिथंच. नको."

डबी मात्र मी त्याला परत घ्यायला लावली. त्याच्या जागी भांडायचा मला हक्क नव्हता. पण राग आला, दादांचा आणि त्याचाही. बाकीच्यांना मी तपासणीसाठी परत बोलावलं होतं. कुणीच आलं नाही. दत्ताला नंतर तुर्भ्याच्या मार्केटमध्ये हमालीचं काम मिळालं. तिथे कानाकडे कोणी बघत नाही. पण दिवसभर घाम गळतो, मशीन खराब होतं, म्हणून ते घरातच असतं, असं त्याच्या बायकोने मला फोनवर सांगितलं.

पुढच्या वर्षी मंडळाचा सेक्रेटरी आला. "मॅडम, कॅम्प हिट झाला होता. या वेळी डबल करू."

"या वेळी मशीनऐवजी इयरमफ वाटा. आणि प्रेसचा आवाज कमी करा."

तो हसला. "इयरमफ देताना फोटो काय काढायचा? कुनाच्या डोल्यांत पानी येनार नाय."

तेव्हापासून कॅम्पसाठी कोणीही विचारलं की मी एकच गोष्ट विचारते : ज्याचा रिपोर्ट खराब येईल, तो दुसऱ्या दिवशी कामावर असेल का? ते "विचारून सांगतो" म्हणतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. कॅम्प होतातच. ऑडिओलॉजिस्ट दुसरा असतो.