फणसाला बांधलेला इंग्रजी शब्द

ईरा आणि निहार,

मी आमच्या परसातल्या झाडांना इंग्रजी शिकवत होते, ही अफवा खरी नाही. शिकत मी होते. झाडं नुसती उभी होती.

कारण तुम्हीच. दर रविवारी सकाळी कॅनडाहून तुमचा व्हिडिओ कॉल येतो. तुम्ही पडद्यावर येता, हात हलवता, "हाय आजी" म्हणता आणि माझं "जेवलात का" पुरं व्हायच्या आत मोबाइल तुमच्या आईच्या हातात जातो. मराठी तुम्हाला कळतं, पण बोलता तुम्ही इंग्रजीत; मला वाटलं, दोष माझ्या इंग्रजीचा. बेळगावच्या कॉलेजात मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं खरं, पण जोयड्याच्या रानात इतकी वर्षं काढल्यावर ते इंग्रजी ट्रंकेतल्या शालूसारखं झालंय, घडीवर विरलेलं. म्हणून ठरवलं, नवे भारी शब्द शिकायचे आणि रविवारी तुम्हाला बोलण्यात असं गुंतवायचं की तुम्ही जागचे हलूच नये.

आता मला एका जागी बसून पाठांतर जमत नाही. बसलं की पाय हलतात, पाय हलले की उठावंसं वाटतं, उठलं की कुठला तरी डबा पुसावासा वाटतो. आधी डब्यांनाच चिठ्ठ्या लावल्या होत्या. पण आजोबांनी बंड केलं. "मला साखर हवीय, परीक्षा नकोय," म्हणाले. तेव्हा घरापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर प्रत्येक झाडाला एक शब्द बांधायचा आणि येता-जाता पाठ करायचा, असं ठरलं. (म्हणजे मी ठरवलं.)

काम करायचं तर नीट, हा माझा स्वभाव. मोठ्या ठळक अक्षरांत शब्द, वर लाल शाईने क्रमांक, पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी, आणि सगळ्या चिठ्ठ्या डोळ्यांच्या उंचीवर, एका रेषेत. शेवटी झाडं कमी पडली, म्हणून बांधापलीकडच्या शांतव्वाच्या फणसालाही एक बांधली. चार पावलं मागे जाऊन पाहिलं. अगदी सरकारी काम वाटत होतं.

नेमकं तेच सगळ्यांना वाटलं!

इथे झाडावर लाल आकडा दिसला की माणूस आधी जमिनीचे कागद शोधायला लागतो, हे तुम्हाला तिकडे ठाऊक नसेल. आज आकडा, उद्या मोजणी, परवा "हे रान वाघांचं, तुम्ही उठा." रविवारी सकाळी शांतव्वा ती चिठ्ठी हातात घेऊन अंगणात हजर. तिच्यामागे नारायणअण्णा. (लहानपणी त्यांच्या गावात घरांच्या भिंतींवर आकडे पडले आणि मग गाव सुप्याच्या धरणात बुडालं. तेव्हापासून ते प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघतात, कॅलेंडरवरच्यासुद्धा.) आणि त्यांच्यामागे अर्धी वाडी.

"अक्का, तुमी इंग्लिश शिकलासा," शांतव्वा म्हणाली. "हे काय लिवलंय, वाचा बगू."

मी सांगणारच होते की बाई, ही चिठ्ठी माझी. पण मला कुणी इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला (असे प्रसंग आयुष्यात थोडेच आले) की उत्तर आपोआप बाहेर पडतं.

"ऑब्लिटरेट. म्हणजे नामोनिशाण पुसून टाकणं."

शांतव्वा पायरीवर बसली. "माझ्या फणसाचं?"

"फणसापासनं सुरवात," नारायणअण्णा म्हणाले. "आमच्याकडं भिंतीपासनं झालती."

"अहो, ती चिठ्ठी मी बांधलीय," मी घाईघाईने म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते बघणं आधीपेक्षा वाईट होतं.

"म्हंजे जंगल खात्यानं तुमास्नी कामाला लावलंय?" नारायणअण्णांनी विचारलं.

"व्हय की," मागून एक बाई म्हणाली. "काल दिवसभर ह्या झाडापासनं त्या झाडापत्तुर पुटपुटत फिरालत्या. मोजणीच की ती."

मी मदतीसाठी आजोबांकडे पाहिलं. ते चहा पीत होते. "मला काही माहीत नाही," म्हणाले. "मला घरातलंसुद्धा विचारत नाहीत."

"मी शब्द पाठ करत होते," मी म्हणाले. "नातवंडांशी बोलायला."

शांतव्वाने मान वर केली. "सोताच्या नातवंडांशी बोलाय पाठ करालासा?"

तेवढ्यात तुळशीजवळ ठेवलेला मोबाइल वाजला. (रेंज फक्त तिथेच मिळते, त्यामुळे आमच्या घरात खासगी असं काही उरलेलं नाही.)

"बोला," नारायणअण्णा म्हणाले. "आमी बी ऐकतो. खरं असंल तर कळंलच."

पडद्यावर तुम्ही आलात. ईरा, तू विचारलंस, "हाऊ आर यू, आजी?" पाठीमागे अर्धी वाडी कान देऊन उभी. मी डोळे मिटून ती वाट आठवली. आंबा आठवला, चिंच आठवली, जांभूळ आठवलं. झाडं सगळी जागच्या जागी होती, शब्द तेवढे एकावरही नव्हते.

"आय अ‍ॅम फाइन," मी म्हणाले. "थँक यू."

"इतकंच?" शांतव्वा म्हणाली. "ह्याच्यापायी माझा फणस?"

नारायणअण्णांचा चेहरा मात्र उजळला. ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "काय भ्या न्हाई. ह्या खात्याच्या न्हवंत. खात्याची माणसं ह्याच्यापरीस बरं इंग्लिश बोलत्यात."

शांतव्वाने माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकं घातलं. "कोण गं तू बाय? आनि ह्या पोराचा दात कुठं गेला?" निहार, तू धावत जाऊन तो पडलेला दात आणून दाखवलास. मग शांतव्वाने तिचे नसलेले दात दाखवले. ईराला फणस बघायचा होता, म्हणून सगळे मोबाइलसकट फणसाकडे निघाले आणि रेंज गेल्यावर सगळे परत आले. नारायणअण्णांनी वाघाचा आवाज काढला. तो तुम्ही पुन्हा पुन्हा काढायला लावलात. तुमची आई जेवायला हाका मारत होती आणि तुम्ही पडद्यावरून हलायला तयार नव्हतात.

इतका वेळ चाललेला कॉल आमच्या अंगणाने कधी पाहिला नव्हता. त्यात मीही सतत सहभागी होते. दोन्ही हातांनी मोबाइल धरून उभी होते, आणि नारायणअण्णा मधूनमधून माझ्याशी बोलतही होते. "अक्का," म्हणत होते, "जरा वर धरा."