मदुराईला धाडलेला निरोप

आमच्या माण-आटपाडीकडची निम्मी पोरं परमुलखात सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात. माझा धाकटा भाऊही वडिलांशी भांडून तसाच गेला. मदुराईत आहे, एवढंच कुणीतरी सांगितलेलं. चार वर्षं ना फोन, ना पत्ता. जुना नंबर लावला की एक बाई तमिळमध्ये काहीतरी ऐकवायची. आई अंथरुणाला खिळली, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तेव्हा तिनं एकच मागितलं. त्याला एकदा डोळ्यांनी बघू दे.

या सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांची एक डिरेक्टरी असते. कुठल्या शहरात आपलं कोण, मूळ गाव कुठलं, नंबर काय. मी ती चुलत्याकडून आणली. मदुराईचं जेमतेम दीड पान. निम्मे नंबर बंद, एकानं दुकानच विकलेलं, एक जण दुपारची झोपमोड केली म्हणून माझ्यावर खेकसला. मीही काही कमी नाही. जन्मगाव आठवेल असं त्याला ऐकवलं.

मधल्या वेळात आई त्या शहराचं विचारत राहायची. मी मोबाईलवर शोधून वाचून दाखवायची. देऊळ केवढं, मोगऱ्याचा बाजार केवढा, नदी बहुतेक वेळ कोरडी.

"म्हंजे आपल्या माणगंगेगत," ती म्हणाली आणि तिला जरा बरं वाटलं. तिथं भाकरी मिळते का, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. मिळते की, म्हणून मी ठोकून दिलं.

सातवा का आठवा नंबर दहिवडीकडच्या एका माणसाचा निघाला. तो भावाला ओळखत होता. दोन गल्ल्या सोडून कामाला असतो, नंबर नाही माझ्याकडं, पण जाऊन सांगतो म्हणाला. मी म्हटलं, "आई लय सिरियस हाय. असशील तसा निघून ये म्हणावं."

तो जरा हळू आवाजात म्हणाला, "बरं ताई. तुमी धीर धरा." काय झालंय, डॉक्टर काय म्हणतात, काही विचारलं नाही. मला वाटलं, काय तुसडा माणूस!

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. निरोप दिलाय, लय रडला तो, एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. मी ते आईला सांगितलं. रडला म्हणजे येणारच, ती म्हणाली, आणि त्या दिवशी वाटीभर पेज प्यायली. प्रवासाचे दोन दिवस, आम्ही चार धरले. तो आला की तोंडातून एक वाकडा शब्द काढायचा नाही, असं तिनं वडिलांना बजावून ठेवलं. दाराकडं तोंड करून झोपवायला लावायची. निरोप धाडल्यापासून नवव्या दिवशी सकाळी गेली. दाराकडंच बघत गेली. मी मनातल्या मनात भावाला नाही नाही त्या शिव्या घातल्या.

ती जाऊन दोन दिवस झाले आणि अनोळखी नंबरवरून त्याचा फोन आला. मी तोंड उघडणार तोच तो बोलला, "अक्का, हितंच केस काढलं मी. काल दहावं बी घातलं. कावळा लगेच शिवला बघ."

मी बोटांवर दिवस मोजले. आपल्याकडं माणूस गेलं तरी लांबच्याला तसं कुणी सांगत नाही. सिरियस आहे, निघून ये म्हणतात, वाटेत धसका घेऊ नये म्हणून. मी स्वतः असे निरोप दिलेत. तो दहिवडीकडचा माणूस जे समजायचं तेच समजला आणि त्यानं भावाला आई गेली असंच सांगितलं. आईच नाही तर वडिलांच्या दारात कशाला जायचं, म्हणून हा तिथंच राहिला. यानं केस काढले तेव्हा आई पेज पीत होती. देवा, माझीच जीभ झडायला पाहिजे होती.

"मला बघायचं म्हणत हुती का गं?" त्यानं विचारलं.

सगळं ओठावर आलं होतं. गिळलं.

"न्हाई रं," मी म्हटलं. "तेवढा वेळच मिळाला न्हाई तिला."