चिमीला कोण उचलणार

पडदेवाल्या काकूंना काळजी करायला कारण लागत नसे. ऊन पडलं तर पडद्यांचा रंग उडेल, ढग आले तर कापड दमट होईल. फोन वाजला तर कोण गेलं, आणि नाही वाजला तर मग नक्कीच कोणीतरी गेलं. शेजारपाजारचे हसायचे. पण या सगळ्या किरकोळ काळज्यांच्या बुडाशी एक मोठी काळजी ठाण मांडून बसलेली होती आणि तिला हसायची कोणाची छाती झाली नसती. आपली कंबर गेली, तर चिमीला कोण उचलणार?

चिमी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिशी ओलांडलेली, तरी चिमीच. जन्मापासून पायांत जोर नाही, हातांत टंकण्यापुरती ताकद, आणि जीभ मात्र मायलेकी दोघींना पुरेल इतकी तिखट. कानाला यंत्र लावून ती लोकांच्या सभांची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि टंकून द्यायची. "सगळी शहाणी माणसं किती वेळ काहीच बोलत नाहीत, ते मला विचार," म्हणायची. काकूंचं शिलाईचं मशीन तिच्या खोलीच्या दाराशीच होतं. लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवून त्यांनी घर चालवलं, पण त्यांचं खरं काम ते नव्हतं. खरं काम होतं चिमीला उचलणं. बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून बिछान्यात, आणि चाकांची खुर्ची न्हाणीघराच्या दारातून आत जात नसल्यामुळे तिथे तर दर खेपेला उंबऱ्यापासून आत आणि आतून बाहेर. दार रुंद करायचं म्हणाल, तर बाजूलाच इमारतीचा खांब. तिचे दोन्ही हात आपल्या मानेमागे टाकायचे, एक हात तिच्या पाठीशी, एक गुडघ्यांखाली, आणि चल. मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून हे चाललेलं. फरक एवढाच की मुलगी मोठी होत गेली आणि आई म्हातारी.

कंबर दुखत होती कित्येक वर्षं. पट्टा झाला, शेक झाला, गोळ्या तर गोळ्या राहिल्याच नव्हत्या, जेवणाचा भाग झाल्या होत्या. मग एका दुपारी उंबऱ्यातच कंबरेने दगा दिला. चिमी हातांत. पुढे जाता येईना, खाली ठेवता येईना. काकूंनी तिला भिंतीशी दाबून धरलं आणि जिवाच्या आकांताने हाका मारल्या. समोरचा सुतार धावत येईपर्यंत दोघी तशाच. "आई, आपण दोघी आत्ता खिळ्यावर लटकलेल्या दिसत असू," चिमी म्हणाली. काकूंना हसू आलं नाही.

डॉक्टर तरुण होते आणि बोलायला घाई करत नव्हते. कंबरेच्या खालच्या मणक्याशी जे छोटे सांधे असतात ते झिजलेत, म्हणाले. मग त्यांनी इलाज सांगितला. दंडातून काकूंचंच रक्त काढायचं, ते यंत्रात गरगर फिरवायचं, त्यातला प्लेटलेटचा पिवळसर भाग वेगळा होतो, तो सुईने दुखऱ्या सांध्यात सोडायचा. जखम भरून काढायचं सामान त्या प्लेटलेटमध्येच असतं.

"म्हणजे माझंच रक्त मलाच?" काकू म्हणाल्या. "मग इतकी वर्षं ते तिथून जाता-येता काय करत होतं?"

डॉक्टर हसले. "काकू, सांध्यात रक्त फार कमी पोचतं. आपण ते नेऊन पोचवतो, इतकंच."

"बरी होईन ना पण?"

"पुष्कळांना आराम पडतो. सगळ्यांना नाही. मी खोटं सांगणार नाही. आणि पडला तरी आठवड्यांनी पडतो, लगेच नाही. पहिले काही दिवस उलट जास्त दुखेल. तुमच्या नेहमीच्या गोळ्या मात्र आधीपासून बंद. त्या सूज दाबतात, आणि इथे थोडी सूज यायलाच हवी." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि दीड महिना मुलीला उचलायचं नाही."

"मग नकोच ते," म्हणून काकूंनी पिशवी उचलली.

"तुमची मर्जी. पण आत्ता दीड महिना थांबला नाहीत, तर पुढे एक दिवस असा येईल की कायमचंच थांबावं लागेल."

काकू पिशवी मांडीवर घेऊन परत बसल्या.

आता प्रश्न आला, दीड महिना चिमीला उचलणार कोण? आणि इथे काकूंना जे करावं लागलं ते सुईपेक्षा वाईट होतं. त्यांनी नणंदेला फोन केला. या नणंदबाई आयुष्यभर शाळेत खेळाच्या शिक्षिका. उंचपुऱ्या, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. पोरांनी ठेवलेलं शिट्टीबाई हे नाव निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं. चिमीचे बाबा गेल्यावर त्यांनी भावाच्या घरात बरंच काय काय सुचवलं होतं, आणि काकूंनी एकदा ऐकवलं होतं की माझं घर म्हणजे तुमचं मैदान नाही. तेव्हापासून दोघींचं बोलणं तब्येतपाण्यापुरतं.

शिट्टीबाई दुसऱ्याच दिवशी हजर झाल्या. आल्या आल्या त्यांनी चिमीला अशी उचलली की काकूंचा श्वासच अडकला.

"अहो वन्सं, हळू! ती काय पोतं आहे?"

"पोतं इतकं बोलत नाही," शिट्टीबाई म्हणाल्या आणि चिमी खदखदून हसली. काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

इंजेक्शनच्या दिवशी रक्त काढताना काकूंनी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे यंत्र घुं घुं करत फिरत होतं आणि त्यांना वाटलं, आपलंच रक्त आत घेरी येऊन पडेल. मग नर्सने नळी दाखवली. खाली लाल गाळ आणि वर पिवळं पाणी. एवढ्याशा पाण्यावर आपली सगळी भिस्त? डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्यावर सांधा बघत सुई नेमकी आत घालत होते. दुखलं. पण काकू मनात एकच म्हणत होत्या, लागू पड रे बाबा, लागू पड.

नंतरचे दिवस वाईट गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी दुखणं असं वाढलं की हे भरून येण्याचं दुखणं की वाटोळं झाल्याचं, हेच कळेना. काकूंनी रोज दवाखान्यात फोन करून विचारलं. नर्स तेच उत्तर तितक्याच शांतपणे द्यायची, त्यामुळे काकूंचा संशय आणखी वाढायचा. इतकी शांत कशी बोलते? काहीतरी लपवतेय. गोळी घ्यायची नाही, वाकायचं नाही, उचलायचं नाही. कुशीवर पडून भिंतीपलीकडचं ऐकायचं, एवढंच उरलं.

आणि ऐकता ऐकता त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"आत्या, पाणी दे गं." जरा वेळाने, "आत्या, अजून थोडं." मग खुर्चीची चाकं, शिट्टीबाईंचं "चल गं माझे बाई", न्हाणीघराचं दार. पुन्हा थोड्या वेळाने पाणी. काकू उठून बसल्या. चिमी कधी इतकं पाणी पीतच नव्हती! सकाळी पेलाभर, रात्री औषधाबरोबर घोटभर, संपलं. आणि आता ही तहान कसली? चिमीच्या बाबांचं दुखणं असंच सुरू झालं होतं. बसल्या बसल्या तांब्या रिकामा करायचे. साखर निघाली, आणि त्या साखरेनेच पुढे माणूस नेला.

त्या कंबर धरून स्वयंपाकघरात गेल्या. "वन्सं, तुम्ही जेवणात मीठ किती घालता?"

"का? खारट होतंय?"

"पोरगी सारखी पाणी मागतेय. मीठच असू दे, देवा, मीठच असू दे."

शिट्टीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना भावाचं दुखणं आठवलं असावं. त्या नेहमीसारखं काही बोलल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी रक्त तपासणारा माणूस घरी बोलावला. चिमी चिडली. "आई, तुझं रक्त काढून झालं, आता माझा नंबर? मला काही झालेलं नाही." पण काकूंनी ऐकलं नाही. निकाल येईपर्यंत त्यांना जेवण गेलं नाही. निकाल चांगला आला, सगळं जिथल्या तिथे. त्यावर काकूंनी सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच मूत्रपिंडांची काळजी सुरू केली.

असे आठवडे गेले. एके दिवशी मशीनखाली पडलेली कात्री काकूंनी उचलली आणि पुन्हा शिवायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण वाकलो होतो. पुन्हा कात्री मुद्दाम खाली टाकली, पुन्हा उचलली. होती थोडी कळ, पण पूर्वीसारखी, सुरी फिरल्याची नव्हे. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. दीड महिन्यानंतर डॉक्टरांनी पाठ दाबून, वाकवून पाहिलं. फरक आहे, म्हणाले. हळूहळू वजन उचलायला हरकत नाही, पण जपून, आणि मुलीला उचलायला कोणी जोडीला असेल तर उत्तम. काकूंनी "हरकत नाही" एवढंच ऐकलं. घरी येताना त्यांना रडू फुटलं. रस्त्यात माणसं बघत होती तरी त्या रडत होत्या, इतका आनंद झाला होता.

"उद्यापासून मी उचलते!" त्यांनी दारातूनच जाहीर केलं.

"वा!" शिट्टीबाई म्हणाल्या. "मग मी उद्या निघते." आणि त्यांनी कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. चिमीही म्हणाली, "छान झालं, आई." आणि कानाला यंत्र लावून कामाला लागली.

सकाळी काकूंनी तिला उचललं. जमलं. कंबर बोलली, पण ओरडली नाही. त्या भरून पावल्या. दुपारी जेवणं झाली आणि ताटं उचलताना त्यांनी पाहिलं, चिमीचा पेला भरलेला. बरं झालं, गेली बाई ती तहान, त्यांना वाटलं. तासाभराने त्या पाणी घेऊन गेल्या.

"नको," चिमी म्हणाली.

"अगं, ओठ सुकलेत तुझे."

"नकोय म्हटलं ना."

"काल तर तांब्याने पीत होतीस. आज काय झालं? चिमे, माझ्याकडे बघ. काय होतंय तुला?"

चिमीने कानातलं यंत्र काढलं. बराच वेळ ती बोटांनी त्याची वायर सरळ करत राहिली.

"काही होत नाही, आई. पाणी प्यायलं की न्हाणीघरात जावं लागतं. म्हणून दिवसाचं नाही पीत मी. शाळेत होते तेव्हापासून."

काकूंनी पेला दोन्ही हातांनी धरला.

"तू मला उचलतेस ना, तेव्हा तुझ्या घशातून एक आवाज येतो. बारीकसा. तुला नसेल कळत, पण माझा कान तिथेच असतो, तुझ्या तोंडाशी. आज सकाळीही आला."

काकू तशाच बाहेर आल्या, हातात तो भरलेला पेला. पुढच्या खोलीत शिट्टीबाई गुडघ्याने बॅग दाबून तिची चेन ओढत होत्या.

"वन्सं," काकू म्हणाल्या, "जाऊ नका."

"का गं? पुन्हा दुखायला लागली?"

"नाही. पाठ बरी आहे. राहाल का माझ्याकडे? मी एकटीने नाही उचलायचं आता. माझ्या पोरीला पाणी प्यायचंय."